पाच देव आन् कारखान्याची पिशवी

अरं ऐक की लेका, मधी बोलू नगं, आधी सगळं ऐकून घे. मंग हसायचं तर हास, न्हायतर काय करायचं ते कर.

शहाण्णवच्या माघातली गोष्ट. निमगाव केतकीच्या फाट्यावरनं आत चालत गेलं की साखरबाईची वस्ती लागती. ह्या लोकांची पयली मेंढरं हुती, आता ऊस हाय आन् दावणीला जर्सी गाया हायत. मेंढरं गेली, पण देव तेच ऱ्हायलं. बिरुबा, खंडुबा, भवानी, जोतिबा आन् एक घराण्याचा वीर. पाच टाक. टाक म्हंजी चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेलं देव, तळहातात मावतील एवढं. घरात लगीन निघालं की हे देव सोनाराकडं उजळायला जात्यात, आन् हळदीच्या आदल्या दिशी परत येत्यात. देव देव्हाऱ्यात बसल्याबिगर हळद जात्यात पडत न्हाय. अशी त्यांची रीत.

साखरबाईच्या धाकट्याचं, जोतीरामचं, लगीन हुतं. दर येळंला देव आणायला साखरबाई सोता जायची. ह्या बारीला तिचा गुडघा सुजून भोपळा झाल्याला. मंग गेली कोण? थोरली सून, विजयमाला. तिला ह्या घरात येऊन तिसरं वरीस. वडगाव निंबाळकरची लेक, बोलायला चटपटीत, पण सासूफुडं मांजर. जाताना साखरबाई म्हणली, "हे बघ, देव मांडीवरनं खाली ठेवायचं न्हाईत. वाटंत कुणाशी तंडायचं न्हाय. आन् सुतकातल्या, सुयेरातल्या माणसाचा हात लागू द्यायचा न्हाय. कळलं?"

"व्हय आत्याबाई."

"काय कळलं, सांग."

तिनं पाढ्यासारखं म्हणून दावलं. सुयेर तुला ठावं हाय न्हवं? घरात बाळ जन्मलं की बारा दिस त्या घराला देव चालत न्हाईत. बाळंतिणीनं शिवायचं न्हाय, घरच्यांनी शिवायचं न्हाय.

तर विजयमाला बारामतीला गेली, सोनारानं देव लखलखीत करून, भंडारा टाकून, पिवळ्या फडक्यात बांधून दिलं. तिनं ते कारखान्याच्या पिशवीत घातलं.

आता हितंच सगळी गंमत हाय. कारखान्याला पंचवीस वर्सं झाली तवा सगळ्या सभासदांना एकेक पिशवी वाटली हुती, ध्यानात हाय का? हिरवी, रेक्झिनची, वर उसाची मोळी काढल्याली. आख्ख्या पट्ट्यात ज्याच्या त्याच्या हातात तीच पिशवी. लग्नाला तीच, दवाखान्याला तीच, बाजारला तीच. मंग वळखायची कशी? तर परत्येकानं बुद्धी चालवली आन् मुठीला लाल नाडा बांधला. परत्येकानं! हाय का न्हाय? माझ्या बापानं बी बांधलाय.

इंदापूर गाडीत तिला खिडकी मिळाली. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर, तोंड बंद. गाडी भरली. भवानीनगरला एक बाई चढली, काखंत एक पोर, हाताला एक पोर, डोक्यावर गाठुडं, आन् गाडीत पाय ठेवायला जागा न्हाय. काखंतलं पोर रडून रडून निळं पडाय लागल्यालं. विजयमालाला काय दम निघंना. म्हणली, "द्या हिकडं." पोर घेतलं. पण मांडी एक, आन् देव आन् पोर दोन. पोर देवावर बसवायचं का? तिनं मनातल्या मनात पाया पडून पिशवी वर फळीवर ठेवली. फळी म्हंजी काय भुई न्हवं, असं मनाला समजावलं. पोर मांडीवर झोपलं, तिच्या पदरावर लाळ गाळत.

निमगावच्या फाट्याला कंडक्टरनं घंटी मारली, "चला, उतरा, उतरा पटपट!" पोर त्याच्या आईकडं दिलं, वर हात घातला, हिरवी पिशवी, लाल नाडा, वढली आन् उतरली. गाडी गेली.

निम्मी वाट चालून गेल्यावर तिच्या ध्यानात आलं, पिशवी काखंत मऊ लागती. चांदी कधी मऊ लागती का? बांधावर टेकली, चेन वढली. आत डिंकाचं लाडू, एक कुंची, एक खुळखुळा, आन् बाळंतशोपंची पुडी. देव न्हाईत.

घर दिसत हुतं तिथनं. मांडवाचं पडदं हालताना दिसत हुतं. साखरबाई वट्यावर वाट बघत बसली असणार. आन् हिच्या हातात कुणाच्या तरी बाळाचा खुळखुळा. घरी जाऊन काय सांगायचं, देव एसटीत ऱ्हायलं? सासूनं जलमात पयल्यांदा इस्वास टाकला आन् हिनं तो फळीवर ठेवला! ती म्हणती, "मी तिथं रडली बी न्हाय. मी फकस्त उठली आन् पळत सुटली."

फाट्यावर आली तवा छाती भात्यासारखी. पुढची इंदापूर गाडी यायला लई येळ लागला. आली तशी ती वर चढली आन् कंडक्टर तिकीट म्हणायच्या आत म्हणली, "आवो दादा, माझं देव गेलं!"

कंडक्टरचं नाव सर्जेराव. मिशा असल्या की दावं वळावं तसा पीळ मारल्याल्या. "देव गेलं? कुठं गेलं?"

"इंदापूरला!"

आख्खी गाडी हसली. मंग तिनं सगळं सांगितलं, लगीन, टाक, पिशवी, आन् कुणी हसंना. उलटं सगळे आपापल्या पिशव्या उघडून बघाय लागले. त्या एका गाडीत नऊ हिरव्या पिशव्या निघाल्या, लाल नाड्याच्या!

फुडच्या बाकावर छबूबाई म्हणून म्हातारी हुती, निमगावचीच, बाजाराला निघाल्याली. ती म्हणली, "आन गं ती पिशवी हिकडं, मालक कोण ते कळंल." पिशवीत हात घालून लाडू भाईर काढलं. एक लिंबाएवढा, एक पेरूएवढा, एक तर पार चपटा, गोवरीवानी. म्हातारी बघत बसली. "ह्यो बाईचा हात न्हाय. बाई लाडू वळती ते एका मापाचं. हे बापयानं वळल्यात."

"बापय कशाला लाडू वळंल?" सर्जेराव म्हणला.

"घरात बाई नसंल तर काय करंल? लेक बाळंत झाली, तिची आय न्हाय, मंग बापच बसला असंल चुलीफुडं." आन् कुंची उलटी करून दावली. शिवणीचं टाकं बोटभर लांब, पोतं शिवल्यासारखं. "बघा. दाभणानं शिवलीय का काय मेल्यानं." असं म्हणली आन् डोळं पुसलं. आन् डोळं पुसता पुसता लिंबाएवढ्या लाडवाचा एक तुकडा तोंडात टाकला.

"आवो आजी, दुसऱ्याचं हाय ते!"

"बघती कसा झालाय ते. डिंक कमी हाय." आन् ऱ्हायल्याला बी खाल्ला! हसू नगं, खरं सांगतोय.

विजयमालाला मातुर आता दुसराच घोर लागला. मगाशी तिला वाटत हुतं, चोराच्या हातात देव गेलं. आता कळलं की कुणी बिचारा म्हातारा लेकीच्या दारात जाऊन पिशवी उघडणार आन् त्यातनं कुंचीच्या जागी दुसऱ्याचं देव निघणार. आन् मंग एकदम तिच्या ध्यानात आलं. बाळंतिणीचं घर! म्हंजी सुयेर! देव सुयेराच्या घरात गेलं!

सर्जेराव डायवरजवळ गेला, कानात काय तरी बोलला. एसटीवाल्यांची एक पद्धत असती बघ, समोरनं गाडी आली की दोघं डायवर खिडकीला खिडकी लावून थांबत्यात, निरोप देत्यात, तंबाखू देत्यात. पयली गाडी आली ती बारामतीकडं चालल्याली. दोन्ही गाड्या मधीच हुब्या.

"काय रं, तुझ्या गाडीत कुणी देव घिऊन बसलंय का?"

"माझ्या गाडीत समदी दैत्यंच हायत!" त्यो डायवर म्हणला, पण मागं वळून मोठ्यानं इचारलं बी. न्हवतं कुणी.

दुसरी गाडी आली, तिला बी तेच इचारलं. त्यो डायवर पान थुकून म्हणला, "म्हातारं हाय का? वलं चिप्प?"

"वलं कशानं?"

"आता मला काय ठावं. इंदापूरच्या स्टँडवर हुबं हाय. डोस्क्यावर हिरवी पिशवी. यील त्या गाडीला इचारतंय, देव कुणाचं, देव कुणाचं. आमाला वाटलं येडं हाय."

विजयमाला तिथनं इंदापूरपतूर बसलीच न्हाय. जागा हुती तरी दांडी धरून हुबी.

स्टँडवर गाडी वळायच्या आत तिला त्यो दिसला. चौकशीच्या खिडकीफुडं, खांबाला न टेकता, ताठ. धोतर पायाला चिकटल्यालं, मुंडाशातनं पाणी टपाटपा. माघातलं गार वारं, म्हातारं थडथड उडतंय, आन् दोन्ही हातांनी डोस्क्यावरची पिशवी धरल्याली. स्टँडवरचा हमाल त्याला म्हणत हुता, "आवो तात्या, ठिवा की खाली, न्हाय कुणी नेत," आन् त्यो मान हालवत हुता, न्हाय म्हणून.

विजयमाला फुडं गेली. हातातली पिशवी वर करून दावली निस्ती. म्हातारा तिच्याकडं बघत ऱ्हायला आन् म्हणला, "बाय, बिरुबा तुमचा का?"

"व्हय तात्या. आन् खंडुबा, भवानी, जोतिबा, वीर."

"पाची हायत. बघून घे."

तिनं पदर पसरला, त्यानं पिशवी डोस्क्यावरनं उतरवून पदरात दिली. देतानाच त्याचं हात खाली आलं ते लाकडासारखं, वाकंनात. हमालानं कुठनं तरी पोतं आणून त्याच्या खांद्यावर टाकलं. सर्जेरावानं चा आणला. मंग बाकड्यावर बसून त्यो बोलला.

त्याचं नाव तात्याबा. पणदऱ्याचा. बायकू दोन वर्सांमागं गेल्याली. लेक मनिषा इंदापुरात एका खोलीत ऱ्हाती, जावई लोणी देवकरला कंपनीत कामाला. तिचं आधीचं एक पोट पडल्यालं, त्यामुळं डॉक्टरनं हालू नगं म्हणल्यालं, म्हणून बाळंतपणाला माहेरी आणली न्हाय. परवा बाळ झालं. ह्यानं शेजारणीला इचारून इचारून लाडू केलं आन् पिशवी घिऊन निघाला.

"दारात ग्येलो," त्यो म्हणला. "लेक पडद्याआडनं 'आबा' म्हणून आली आन् उंबऱ्यातच माझ्या हातातली पिशवी घेतली. लेकी घेत्यातच की. चेन वढली आन् किंचाळली. 'आबा, ह्यात भंडाऱ्याचं फडकं हाय, कुणाचं तरी देव हायत!' म्या म्हणलं, ठिव, ठिव तिथंच. मंग दारच्या नळाखाली डोस्क्यावर पाणी घेतलं, पिशवीवर घेतलं, फडकं सोडून देव मोजलं, परत बांधलं, आन् उचलून हिकडं आलो. लगीनघरचं देव हायत, भंडारा ताजा हाय, म्हणलं तितं कुणी तरी वाट बघत असंल."

"आन् बाळ?" विजयमाला म्हणली. "ल्योक हाय का लेक?"

"ठावं न्हाय."

"म्हंजी?"

"उंबरा वलांडला असता तर मी बी सुयेरात ग्येलो असतो. मंग देवाला हात कुणी लावला असता? जावई कंपनीत." चा फुकत फुकत म्हणला, "आवाज आयकला. खणखणीत रडतंय."

विजयमालानं खाली बघत पिशवी फुडं केली. "तात्या, ह्यातला एक लाडू कमी हाय. गाडीत एका आजीनं खाल्ला."

"कसा झालाय म्हणली?"

"डिंक जरा कमी हाय म्हणली."

"व्हय का! मला वाटलंच हुतं!" असं म्हणला आन् पयल्यांदा हसला. दात दोनच, पण हसला असा की सर्जेराव बी हसला, हमाल बी हसला.

ती म्हणली, "तात्या, परवा लगनाला या. आमच्या वस्तीवर. यायलाच लागंल."

"न्हाय बाय. आता मी जाणार आन् त्याला मांडीवर घेणार. मंग सुयेरातलं माणूस मांडवात कशाला?" त्यो उठला. पोतं हमालाला दिलं. दोन पावलं गेला आन् फिरला. "एक ध्यानात घे, पोरी. पिशवीला माझ्या लेकीचा हात लागलाय. बाळंतिणीचा. फडक्याला न्हाय, पण पिशवीला लागलाय. म्या पाणी घातलं, पण लागलाय ते लागलाय."

"तात्या, न सांगता बी चाललं असतं की. कुणाला कळलं असतं?"

"मला कळलं असतं न्हवं. देव तुमचं हायत. काय करायचं ते आता तू ठरीव."

आन् गेला. वल्या धोतरात, फटाफटा पाय टाकत, पिशवी पोटाशी धरून. विजयमाला म्हणती, "एवढा म्हातारा माणूस, पण शाळा सुटल्यावर पोरं पळत्यात तसा गेला."

माघारी येताना तिनं देव मांडीवरनं हालवलं न्हाईत. पण जीव काय थाऱ्यावर न्हाय. सांगितलं तर? साखरबाई बारा गावच्या रीती पाळणारी. देव परत सोनाराकडं, न्हायतर जेजुरीला, आन् हळद उद्या! लगीन फुडं गेलं तर नवरीकडली काय म्हणतील, आन् न गेलं तरी आयुष्यभर घरातली काय म्हणतील? न सांगितलं तर कुणाच्या बापाला कळत न्हाय. तात्याबा काय पणदऱ्यासनं सांगायला येणार न्हाय. उशीर का झाला? गाडी चुकली. झालं. मिटलं.

वस्तीवर पोचली तवा दिस कलला हुता. मांडवात सगळी पावणी. साखरबाई सुजलेला गुडघा घिऊन दारात हुबी, हातात पाण्याचा तांब्या आन् भाकरतुकडा. बाजूला नकोशी आत्या, म्हंजी साखरबाईची नणंद, कमरंवर हात ठिवून.

"बारामती काय इलायतंत हाय का?" नकोशी आत्या म्हणली.

साखरबाई काय रागावली न्हाय. तिनं भाकरतुकडा ववाळला, तांब्या उचलला आन् हळूच इचारलं, "मांडीवरच हुतं न्हवं? वाटंत कुणाचा हात तर लागला न्हाय?"

अरं, त्या टायमाला मांडवातली सगळी पावणी कामं टाकून हिकडंच बघत हुती. पाणी पायावर पडायचं बाकी. एक "न्हाय" म्हणलं की आत. विजयमालाच्या तोंडात न्हाय आलं बी हुतं.

आन् तिनं सगळं सांगितलं. पोर मांडीवर घेतलं तिथनं सुरवात केली. फळी, पिशवी, लाडू, वला म्हातारा, उंबरा, बाळंतिणीचा हात. काय सुदिक सोडलं न्हाय. सांगता सांगता रडायला लागली ती थांबंचना.

नकोशी आत्या म्हणली, "झालं! सुयेरातलं देव! पयल्या गाडीनं जेजुरी गाठा." एक पावणा म्हणला, हळद फुडं ढकला. जोतीराम बिचारा मुंडावळ्याच्या दुकानातनं आल्याला, हातात पुडकं घिऊन हुबाच ऱ्हायला.

साखरबाईच्या हातातला तांब्या तसाच वर. मंग तिनं इचारलं काय म्हाईत हाय?

"ल्योक हाय का लेक?"

"आजानंच बघितलं न्हाय, आत्याबाई. मी काय सांगू?"

"बघितलंच न्हाय?"

"उंबऱ्यातनं फिरला."

साखरबाईनं तांब्या वाकडा केला. अर्धं पाणी सुनंच्या पायावर, अर्धं पिशवीवर. म्हणली, "त्यो नातवंड न बघता माझं देव घिऊन आला, आन् मी ते दारात हुबं करू व्हय? चल आत." आन् नकोशी आत्याकडं बघून म्हणली, "जेजुरीला मी लगीन झाल्यावर जाईन, माझ्या पायानं. तू बी चल, वाटंत बोलायला कुणी तरी पायजे."

हळद झाली, लगीन झालं. पण तुला वाटत असंल सगळं गोड झालं, तर तसं न्हाय. लगनाच्या दिशी वाऱ्यानं मांडवाचा एक खांब पडला. नकोशी आत्या लगीच म्हणली, "सुयेर." भात खाली लागला, "सुयेर." पाडव्याला जर्सी गाय आटली, तरी सुयेर! आता परवा जोतीरामच्या टॅक्टरचं टायर पंचर झालं, तवा बी आत्या विजयमालाकडंच बघत हुती. ती कवा हसण्यावारी नेती, कवा गोठ्यात जाऊन रडती. म्हणती, एक शब्द हुता, न्हाय म्हणली असती तर आज कुणी मला काय बोललं नसतं.

आन् मंग म्हणती, "पण त्या म्हाताऱ्यानं मला सांगितलंच नसतं तर?"

आता तू बोल. सगळं ऐकलंस न्हवं? खरं सांग हां, माझ्यासमोर भाव खायचा न्हाय. तांब्या वर हाय, सासू बघतीय, मांडव गप हाय. तू असतास तर काय केलं असतंस?